नाड्याच्या खाली, मांडीच्या वर

दिवाळी अंकासाठी लिहा असा फोन आला तेव्हा मी आधी विचारून घेतलं, माझा विषय माहीत आहे ना? संपादक आमच्या वर्ध्याचेच, सज्जन गृहस्थ. म्हणाले, रुग्णसेवेतले चार चांगले अनुभव लिहा. मी म्हटलं, माझी सगळी नोकरी मोठ्या आतड्यात गेली. तर म्हणाले, लिहा, पण बेतानं लिहा ताई, लोक हातात चकली घेऊन वाचतात.

बेतानं मला जमत नाही. ज्यांना चकली खाली ठेवायची असेल त्यांनी आत्ताच ठेवावी. त्या चकलीचं पुढे काय होतं तेच मला सांगायचं आहे. ते बोलायची लाज वाटली म्हणून माझ्या डोळ्यांदेखत चांगली धडधाकट माणसं गेलेली आहेत, आणि त्याचा राग मला निवृत्त झाल्यावरही येतो.

मी परिचारिका. आधी बरीच वर्षं दुर्बिणीच्या खोलीत होते, नंतर पिशवीच्या ओपीडीत. ती पिशवी कसली, ते पुढे येईलच. दुर्बीण म्हणजे डोळ्याला लावायची नव्हे. बोटाएवढी जाड, लवचिक नळी, टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती मागच्या वाटेनं मोठ्या आतड्यात घालतात आणि आतलं सगळं पडद्यावर दिसतं. आता मोठं आतडं म्हणजे काय तेही सांगते. जेवणातलं सत्त्व लहान आतडं काढून घेतं. जो पातळ चोथा उरतो त्यातलं पाणी शोषायचं आणि बाहेर टाकायची वेळ येईपर्यंत तो सांभाळायचा, हे मोठ्या आतड्याचं काम. काम साधं आहे, पण ते बिघडलं की माणूस लग्नाला जात नाही, प्रवासाला जात नाही, आणि का जात नाही ते बायकोलाही सांगत नाही.

गिरडच्या गाडीवर एक एसटी कंडक्टर होता. त्याच्या आतड्याला आतून सूज आणि व्रण होते, कोलायटिस म्हणतात त्याला. दिवसातून कितीदा जावं लागेल याचा नेम नाही, आणि नोकरी अशी की गाडी सोडून उतरता येत नाही. वाटेवरच्या कुठल्या स्टँडचा संडास उघडा असतो आणि कुठल्या हॉटेलवाल्याकडे चावी मागता येते हे त्याला तिकिटाच्या दरांसारखं पाठ होतं. गोळ्या सुरू केल्या की महिन्याभरात बरं वाटायचं, बरं वाटलं की हा गोळ्या बंद करायचा, आणि पुन्हा रक्त पडायला लागलं की तोंड लपवत माझ्यासमोर उभा. एकदा मी त्याला चांगलंच झापलं. म्हटलं, गाडी नीट चालून राहिली म्हणून तुझा ड्रायव्हर ब्रेक काढून घरी ठेवतो का? हा आजार काबूत राहतो, मुळातून जात नाही, तेव्हा गोळी घ्यायचीच. ते त्याला पटलं. अजूनही स्टँडवर भेटला की आधी 'गोळ्या चालू हायेत' म्हणतो, नमस्कार नंतर.

पण लिहायचं आहे ते वेणूबाईंबद्दल. त्यांना विचारून लिहिते आहे. त्या म्हणाल्या, नाव बदलून लिहा म्हणजे झालं, बाकी काही लपवू नका.

नालवाडीच्या पलीकडे त्यांचं वावर. वांगी, भेंडी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, हंगाम असेल तेव्हा भेदरं म्हणजे टमाटे, सगळं घरचं. मी नालवाडीतच राहते, त्यामुळे बाजारात भाजी त्यांच्याकडूनच घ्यायची. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकटीचा स्वयंपाक, एक जुडी मला दोन दिवस पुरते. तरी वेणूबाई मुठीनं जास्तीचा सांभार टाकणार आणि मी तो परत काढून ठेवणार, हा आमचा ठरलेला वाद. एका पावसाळ्यात लक्षात आलं की बाई टोपली उचलताना मध्येच थांबते. चेहरा पांढरा पडलेला. विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, मूळव्याध आहे, औषध चालू आहे.

मूळव्याध हा आमच्याकडचा सगळ्यात सोयीचा आजार. रक्त पडलं की निदान घरीच ठरतं, आणि त्याच्या पुड्या, मलम, दोरा बांधणारे, सगळं हाताशी असतं. मूळव्याधीत रक्त पडतं हे खरं आहे, म्हणूनच तर घोटाळा होतो. बाहेरून ओळखता येत नाही, आत बघावंच लागतं. मी तिथेच भाजीच्या गाड्यांमध्ये उभी राहून त्यांना प्रश्न विचारायला लागले. शौचाला जाऊन आलं तरी अजून राहिलंय असं वाटतं का? शौच बारीक होतं का? वजन उतरलं का? वेणूबाई आजूबाजूला बघून लाजेनं अर्ध्या झाल्या. पण प्रत्येक प्रश्नाला मान हो अशीच हलली.

मी त्यांच्या मागेच लागले. रोज भाजी घ्यायला जायचं आणि दुर्बिणीच्या तारखेचं विचारायचं. शेवटी त्यांची सून रंजना त्यांना घेऊन आली.

दुर्बिणीच्या आधी आतडं धुतल्यासारखं साफ लागतं. आदल्या दिवशी जेवण नाही, फक्त गाळलेली पेज, साखरपाणी, आणि संध्याकाळी पोट साफ व्हायचं औषध पाण्यातून. हे मी रंजनाला समजावलं, तिच्याकडून वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्या सर्जन सरांनी दुर्बीण आत सरकवली आणि पडद्यावर सगळीकडे चिकट थर आणि शेंगदाण्याचे तुकडे. आदल्या दिवशी श्रावणी सोमवार होता. सासू दिवसभर उपाशी, सुनेला राहवेना, तिनं साबुदाण्याची उसळ करून वाढली. उपासाचं तर सगळ्यांना चालतं, असं तिला वाटलं. आमच्या खोलीत हे नवीन नव्हतं. सणवाराच्या दिवसांत आम्ही निम्म्या जिल्ह्याचा साबुदाणा पडद्यावर बघितलेला आहे. सर वैतागले नाहीत. पुन्हा बोलवा, म्हणाले, आणि उपासाचं सगळं नाव घेऊन सांगा, उसळ, भगर, राजगिरा, काही सोडू नका.

दुसऱ्या खेपेला आत स्वच्छ दिसलं, आणि गाठही दिसली. अगदी शेवटच्या टप्प्यावर, बाहेरच्या तोंडाजवळ. तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सरच निघाला.

इथे एक सांगून ठेवते. अशी गाठ बहुतेक वेळा आधी एवढासा कोंब असते. वर्षानुवर्षं ती नुसती बसून असते, दुखत नाही, खुपत नाही. त्या वेळी दुर्बिणीतूनच कापून टाकली की विषय संपतो. वेणूबाईंना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना लगेच समजलं. तण बी धरायच्या आधी उपटायचं असते, म्हणाल्या. पण त्यांचं बी धरून झालं होतं.

तरी नशीब थोडं बरं होतं. स्कॅनमध्ये गाठ दुसरीकडे गेलेली दिसली नाही. सरांनी त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला समोर बसवून नीट सांगितलं. आधी किरणांचा शेक द्यायचा, मग शस्त्रक्रिया. गाठ इतकी खाली आहे की खालची वाट बंद करावी लागेल. आतड्याचं टोक पोटावर काढून शिवायचं आणि त्यावर पिशवी चिकटवायची. शौच त्या पिशवीत होईल. लवकर केलं तर बरं व्हायची चांगली आशा आहे, थांबलं तर ती राहणार नाही, आणि आतडं मध्येच बंद पडलं तर धावपळ होईल ती वेगळी.

वेणूबाईंनी एकच विचारलं, पिशवी किती दिवस? सर म्हणाले, कायमची. त्या उठल्या, पदर सारखा केला, उद्या बाजाराचा दिवस आहे म्हणाल्या आणि चालू पडल्या. नवरा बिचारा सरांना हात जोडून त्यांच्या मागे धावला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, आता हे तुमच्याकडे."

का नको म्हणाल्या ते मला रंजनाकडून कळलं. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. भाद्रपदातले ते तीन दिवस म्हणजे घराचा प्राण. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, आणि लक्ष्म्यांसमोर बसून सगळं करणारी घरची मोठी बाई. सासू गेल्यापासून ते वेणूबाईंकडे. पोटावर घाण बांधून मी लक्ष्म्यांपुढे कशी बसू, त्यापेक्षा मेले तर सुवासिनी मरेन, असं त्या सुनेला म्हणाल्या होत्या. मला आधी रडू आलं आणि मग संताप आला. जी बाई रक्त पडताना टोपल्या उचलत होती ती एका पिशवीपायी मरायला निघाली होती.

पिशवीची भीती मी कमी लेखत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात पिशवीची जागा टेबलावरच ठरायची. पेशंट आडवी, भूल दिलेली, पोट सपाट. शस्त्रक्रिया उत्तम व्हायची, पण बाई उठून परकर बांधायची तेव्हा नाडा नेमका पिशवीवर. हिंगणघाटकडची एक तरुण बाई होती. बसली की पिशवी सुटायची, सुटली की घरात बोलणी. ती भरूच नये म्हणून तिनं जेवण टाकलं. कॅन्सरमधून वाचलेली बाई उपाशी राहून खंगत गेली, आणि आम्हाला कळलं तोवर उशीर झाला होता. सरांनी ते फार मनाला लावून घेतलं. त्यांनीच मला ही पिशवीची विद्या शिकायला बाहेरगावी पाठवलं. तेव्हापासून आमच्याकडे जागा आधी आखायची, पेशंटला बसवून, वाकवून, तिचा परकर तिनं बांधला तसा बांधून. नाड्याच्या खाली आणि मांडीच्या वर, वळीत जाणार नाही अशी, आणि तिची तिला दिसेल अशी. ती शाईची खूण मी हजार वेळा केली असेल, पण दर वेळी मला हिंगणघाटची ती बाई आठवते.

तर महालक्ष्म्या आल्या. पूजनाच्या दिवशी सकाळी वेणूबाईंकडे गल्लीतल्या बायका भाज्या चिरायला जमतात. मीही दर वर्षी जाते. चिरून झालं की घरी परतते, कारण पुढे सवाष्णींची पंगत असते. माझ्यासारखीसाठी प्रसादाचा डबा नंतर घरी येतो. ही रीत आहे, कुणी वाईट बोलत नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले होते.

त्या दिवशी आंघोळ झाल्यावर मी पोटावर एक पिशवी चिकटवली. आत पातळ वरण भरलं, खालचं तोंड चिमट्यानं बंद केलं, वर परकर, वर साडी. आणि गेले. एक गुडघा वर घेऊन विळीवर बसले. वाट्याला कोहळं आलं, तेही जून, दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय चिरेना. सुरुवातीला माझं सगळं लक्ष पोटाकडे होतं. मग गप्पा रंगल्या आणि मी विसरून गेले. उठले, बसले, वाकून पाणी आणलं, बायकांच्या दाटीत खांद्याला खांदा लावून बसले. कुणालाही कळलं नाही.

चिरणं आटोपल्यावर वेणूबाईंना परसात बोलावलं आणि पदर बाजूला केला.

त्या बघतच राहिल्या. मी म्हटलं, सकाळपासून लावून बसले आहे, आत तुरीचं वरण आहे. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं, वाकून वास घेतला. मग हळूच म्हणाल्या, "वरनाची गोष्ट अलग हाय, शिस्टरबाई. माह्या पिशवीत त घान राहीन. ते घेऊन मी लक्ष्म्याइपुढे कशी बसू?"

मला राहवलं नाही. "घाण आत्ता कुठे आहे, वेणूबाई? आज पूजेला बसाल तेव्हा ती पोटातच असणार आहे. तुमच्या, माझ्या, पूजा सांगायला येणाऱ्या महाराजांच्यासुद्धा. आतडं खुंटीला टांगून कुणी देवापुढे बसत नाही. ती दोन बोटं बाहेर येईल, एवढाच फरक."

सणाच्या दिवशी असं बोलायला नको होतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. वेणूबाईंनी विचारलं, "वावरात निंदाले उकिडवं बसता येईन का?"

मी म्हटलं, त्याचसाठी तर जागा आखायची.

"मंग सन होऊ द्या," त्या म्हणाल्या. "येतो मी."

मी घरी आले, पिशवी काढली, वरण टाकून दिलं. दुपारी डबा आला. मला जेवण गेलं नाही, कारण 'येतो' म्हणून न आलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. पण विसर्जनानंतर लगेच त्या आल्या. शेक झाला, तो त्यांना जड गेला. थकवा, जळजळ, अन्नावरची वासना उडाली. त्या मला काहीबाही बोलायच्या आणि मीही ऐकून घ्यायचे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी निरोप धाडला होता की रोजच्या वापराची विळी आणि रिकामी टोपली घेऊन या. दारावरच्या गार्डनं विळी बघून त्यांना अडवलं. दवाखान्यात हत्यार कशाला, म्हणून तो हटून बसला. मला खाली जाऊन त्याची समजूत घालावी लागली. मग वॉर्डात जमिनीवर वेणूबाई विळीवर बसल्या, निंदायला बसतात तशा बसून सरकल्या, कमरेवर टोपली घेतली. टोपली डाव्या कमरेवर घ्यायची सवय, आणि पिशवीही डावीकडेच येणार. जागा मी जरा आत घेतली, पण टोपलीलाही बाजू बदलावी लागणार होती. भरलेली टोपली तर आता रंजनानंच उचलायची, वजनानं टाक्यापाशी पोट फुगून येतं. ते ऐकून त्या जेवढ्या हिरमुसल्या तेवढ्या कॅन्सरचं ऐकूनही झाल्या नव्हत्या. मग उठल्या आणि रिकामी टोपली उजव्या कमरेवर घेऊन वॉर्डभर फिरून आल्या. शाईची खूण मी त्यानंतर केली.

शस्त्रक्रिया नीट झाली. पण नंतर काही दिवस त्या पोटाकडे बघायलाच तयार नव्हत्या. मी पिशवी बदलायचे तेव्हा तोंड भिंतीकडे. मी घाई केली नाही, पण बोलणं थांबवलं नाही. काय करते आहे ते मोठ्यानं सांगत राहायचे, कडेची कातडी कशी पुसायची, पिशवीचं भोक कसं मापून कापायचं. एका सकाळी मान वळली. लालबुंद, ओलसर, एवढंसं आतड्याचं टोक. बघून म्हणाल्या, भेदरासारखं दिसून राह्यलं. तिथून पुढे त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच शिकल्या.

सगळं सुरळीत झालं असं मात्र लिहिणार नाही. बाजारात पुन्हा बसायला लागल्यावर एकदा भर गर्दीत पिशवी सुटली. साडी भिजली. गिऱ्हाइकं समोर. मला फोन आला तेव्हा त्या रडत होत्या, आता बाजाराचं नाव काढणार नाही म्हणत होत्या. मी रिक्षा करून गेले, घरी नेऊन सगळं बदललं आणि विचारलं, आता? त्यांनी डोळे पुसले, दुसरं लुगडं नेसल्या आणि म्हणाल्या, पालक सुकून जाईन. आम्ही दोघी परत बाजारात गेलो. त्या दिवशी उरलेला पालक मीच विकत घेतला आणि आठवडाभर खाल्ला.

तपासण्या अजून चालू आहेत, आणखी काही वर्षं चालतील. आजवर सगळ्या चांगल्या आल्या आहेत. यापुढचं वचन मी देत नाही, सरही देत नाहीत.

यंदा महालक्ष्म्यांना मी नेहमीसारखी भाज्या चिरायला गेले. वेणूबाई ओट्यापाशी उभ्या राहून पुरण वाटत होत्या, नवीन लुगडं, नाडा बरोबर माझ्या खुणेच्या वर. आरतीला त्या लक्ष्म्यांसमोर बसल्या, आणि या वेळी तेवढ्यासाठी थांबलेली मी दाराशी उभी राहून आधी साडीची निरी बघितली, मग लक्ष्म्या. सवय जात नाही. आरती झाली, पाट मांडायला सुरुवात झाली, तशी मी हात धुऊन पिशवी, म्हणजे माझी भाजीची पिशवी, उचलली आणि चपला शोधायला लागले.

मागून मनगट धरलं गेलं. वेणूबाई मला ओढत आत घेऊन गेल्या, लक्ष्म्यांच्या समोरच्या पहिल्या पाटापाशी. घरातल्या एक म्हाताऱ्या आत्याबाई होत्या, त्या काहीतरी पुटपुटल्या. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, वेणूबाई, ही सवाष्णींची पंगत आहे.

त्यांनी आवाज चढवला नाही. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"माह्या पोटावरची पिशवी लक्ष्म्याइले चालते, त तुमचं कपाळ काऊन नाई चालत? बसा."

मी बसले. आत्याबाईही थोड्या वेळानं सरकून माझ्या शेजारच्या पाटावर बसल्या. ताटात सोळा भाज्यांची भाजी होती, मीच चिरलेलं कोहळं त्यात होतं, आणि मला ते दिसेना, डोळे इतके भरले होते. इतकी वर्षं मला काही वाटत नाही म्हणत होते, ते खोटं होतं. रंजना वरण वाढायला आली. वेणूबाईंनी तिच्या हातातून वाटी घेतली आणि स्वतः माझ्या भातावर ओतली.

"घ्या," त्या म्हणाल्या, "या खेपेनं पोटाच्या आतून जाऊ द्या."